औषधाची साक्ष कोण तपासतो?

मोंढ्यांत तूर घेणारा व्यापारी पोत्याच्या तोंडाशीं असलेल्या दाण्यांवर विश्वास ठेवीत नाहीं; पोत्याच्या पोटांतले दाणे काढून, तळहातावर पसरून, दोनचार दातांखालीं चावून पाहतो आणि मगच भाव बोलतो. सोनें घेणारा कस पाहिल्यावांचून पैसे मोजीत नाहीं. पण तोच गृहस्थ मुलास खोकला झाला म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांत जातो, आणि दुकानांतला पोऱ्या जी बाटली पुढें करील ती, वरचें नांव वाचण्याची तसदी न घेतां, घरीं आणून मुलाच्या तोंडांत ओततो. ह्यांत सर्वस्वीं त्याचाच दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. औषधाची पारख दातांनीं होत नाहीं. ती दुसऱ्या कोणीतरी आधींच केलेली असते, ह्या भरंवशावर हा सारा व्यवहार चालतो. तो दुसरा कोण, तो पारख कशी करतो, आणि त्यानें मोठ्या कष्टानें केलेली पारख आपण आपल्याच हातांनीं कशी मातींत मिळवितों, हें आज आमच्या वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. औषधाची परीक्षा दोन प्रकारची असते. एक परीक्षा द्रव्याची: अमुक द्रव्य अमुक रोगावर चालतें काय, व चालत असल्यास त्यापासून अपाय किती. दुसरी परीक्षा मालाची: आज ह्या बाटलींत जें भरलें आहे तें तेंच द्रव्य आहे काय. पहिली परीक्षा पुष्कळ वर्षें चालते, पण बहुधा एकदांच होते. दुसरी मात्र कारखान्यांतून निघणाऱ्या प्रत्येक खेपेची, म्हणजे बॅचची, व्हावयास पाहिजे. पहिलींत उत्तीर्ण झालेलें द्रव्य दुसरींत चुकारपणा झाला कीं विष होऊं शकतें.

ह्याचा दाखला जगास १९३७ सालींच मिळाला होता. सल्फानिलामाइड हें त्या काळचें मोठें गुणकारी द्रव्य. अमेरिकेंतील एका कारखान्यानें मुलांस घेतां यावें म्हणून तें गोड पातळ रूपांत बाजारांत आणिलें. द्रव्य विरघळविण्यास वापरलें डायएथिलीन ग्लायकॉल. आणि हें ग्लायकॉल पोटांत गेलें असतां काय होतें, हें कोणत्याही जनावरावर पाहण्याची खटपट त्या कारखान्यानें केली नाहीं. शंभराहून अधिक माणसें मूत्रपिंडें बंद पडून मेलीं. त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. आम्ही कायद्याच्या पेशांतले असल्यामुळें पुढची गोष्ट आम्हांस विशेष बोंचते. त्या कारखानदारावर आरोप ठेवतां आला तो माणसें मारल्याचा नव्हे, तर लेबलावर खोटें नांव छापल्याचा! त्यावर ‘एलिक्झिर’ असें लिहिलें होतें. त्या शब्दाचा अर्थ मद्यार्कांत केलेलें औषध. आणि बाटलींत मद्यार्क नव्हता. औषध विकण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचें दाखवावें असा कायदाच त्या देशांत नव्हता. तो पुढल्या वर्षीं, १९३८ सालीं, झाला. आमच्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीनें १९३०-३१ सालीं औषधांच्या बाजाराची चौकशी केली होती. त्या चौकशीला कायद्याचें फळ येण्यास १९४० साल उजाडलें.

कायदा झाला, पण ग्लायकॉल गेलें नाहीं. ग्लिसरीन व ग्लायकॉल दोन्ही रंगहीन, दोन्ही दाट, दोन्ही गोड. कारखान्यांच्या कामाचें ग्लायकॉल स्वस्त, औषधी ग्लिसरीन महाग. लोभी किंवा गाफील माणसास एवढें पुरे. १९८६ सालीं मुंबईंत जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन दिलेले चौदा रोगी मेले. त्या ग्लिसरिनांत हेंच विष होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें ह्या प्रकरणीं जो अहवाल दिला, तो औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची लक्तरें वेशीवर टांगणारा होता. त्यानंतर तरी शहाणपण यावें कीं नाहीं? २०२२ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांत सुमारें सत्तर बालकें दगावलीं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें बोट दाखविलें तें हरियाणांत तयार झालेल्या पातळ औषधांकडे. आमच्यांतील कांहीं देशाभिमान्यांस तेव्हां हा परकीयांचा कट वाटला. ज्या देशानें एड्ससारख्या रोगावरील औषधें गरीब राष्ट्रांच्या आंवाक्यांत आणून दाखविलीं, त्या देशाच्या कारखान्यांचें नांव राखावयाचें तर आधीं आपल्या घरची बाटली तपासावी लागते. कटाची ओरड करून बाटलींतील ग्लायकॉल कमी होत नाहीं.

सरकारनें एक गोष्ट मात्र केली. १ जून २०२३ पासून परदेशीं जाणाऱ्या खोकल्याच्या औषधास प्रयोगशाळेच्या तपासणीचा दाखला घेतल्यावांचून बंदर सोडतां येईना. देशांत खपणाऱ्या बाटलीस असा दाखला लागत नव्हता. मग २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत काय झालें तें वाचकांच्या स्मरणांत असेलच. वीसाहून अधिक मुलें, बहुतेक पांच वर्षांखालचीं, खोकल्याचें औषध घेऊन मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. बरींच नागपुरास उपचाराकरितां आणिलेलीं असतां तेथेंच गेलीं. तामिळनाडूंतील सरकारी प्रयोगशाळेनें त्या बॅचमध्यें ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सांपडल्याचें सांगितलें. सुरक्षित मर्यादा आहे ०.१ टक्का! शिवाय त्या प्रकारचें जोड-औषध चार वर्षांखालील मुलांस देऊं नये, असें केंद्रीय औषध-नियंत्रकांनीं डिसेंबर २०२३ मध्येंच कळविलेलें होतें. गांबियाच्या मुलासाठीं तपासणी आणि छिंदवाड्याच्या मुलासाठीं नशीब, हा न्याय कोणत्या धर्मशास्त्रांत बसतो तें आम्हांस कळत नाहीं.

ही झाली मालाच्या परीक्षेची कथा. आतां द्रव्याच्या परीक्षेकडे वळूं. कारण तिच्याविषयीं सुशिक्षितांतही घोर अज्ञान आहे.

‘मला ह्या औषधानें गुण आला’ हें वाक्य आपण रोज ऐकतों. कोर्टांत एखादा साक्षीदार असें बोलला तर उलटतपासणीचा पहिला प्रश्न हाच येईल कीं, औषध घेतलें नसतें तर गुण आला नसता, हें कशावरून? सर्दीपडसें औषध घेतल्यास सात दिवसांनीं जातें व न घेतल्यास आठवड्यानें जातें, ही थट्टा जुनी आहे, पण वैद्यकाच्या साऱ्या पुराव्याची गोम तिच्यांतच आहे. औषध घेणाऱ्यांची औषध न घेणाऱ्यांशीं तुलना केल्याविना कोणताही दावा शाबीत होत नाहीं. आणि तुलना करावयाची तर दोन्ही बाजूंचीं माणसें सारखीं पाहिजेत. वैद्यानें आपल्या मर्जीनें निवडलीं तर धडधाकट रोगी तो नकळत आपल्या आवडत्या औषधाच्या वाट्यास घालतो. म्हणून निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागते.

ह्या पद्धतीचा आदर्श खटला म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो १९४८ सालचा. इंग्लंडांत क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन हें नवें औषध आलें होतें. पण युद्धानें दरिद्री झालेल्या त्या देशाजवळ तें फार थोडें होतें. सर्वांस पुरणार नाहींच, तर निदान त्याची नीट परीक्षा तरी करूं, असें ठरवून ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्या संख्याशास्त्रज्ञानें कोणास औषध द्यावें हें आधींच बंद लखोट्यांत घालून ठेवविलें. ५५ रोग्यांस विश्रांति व औषध, ५२ रोग्यांस नुसती विश्रांति. क्ष-किरणांचीं चित्रें पाहणाऱ्या तज्ज्ञांस कोणतें चित्र कोणाचें हें ठाऊक नव्हतें. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकीं ४ मेले, दुसऱ्या बाजूचे १४. औषध जिंकलें!

परंतु खरी शिकवण ह्यापुढें आहे, आणि तीच बहुधा सांगितली जात नाहीं. पांच वर्षांनीं मोजदाद झाली तेव्हां औषधवाल्या ५५ पैकीं ३२ व दुसऱ्या ५२ पैकीं ३५ मेलेले होते. म्हणजे आरंभींचा लाभ जवळजवळ विरून गेला होता. कारण एकटें औषध दिल्यानें जंतूंपैकीं त्यास दाद न देणारे तेवढे शिल्लक राहिले, वाढले, व औषध निरुपयोगी झालें. दुसरें एक औषध जोडीस दिलें तर जंतूंस असें निसटतां येत नाहीं, हें लागलीच पुढच्या परीक्षेंत सिद्ध झालें. मग १९५६ सालीं मद्रासेंत क्षयचिकित्सेचें केंद्र निघालें. तेथें १९३ रोग्यांची अशीच वांटणी करून, अर्धे आरोग्यभुवनांत व अर्धे आपल्या झोंपडींत ठेवून, एक वर्षभर गोळ्या दिल्या. आणि घरीं राहिलेला दरिद्री रोगीही, औषध नियमानें घेतल्यास, आरोग्यभुवनांतल्याइतकाच बरा होतो व त्याच्यामुळें घरच्यांस अधिक लागण होत नाहीं, हें १९५९ सालीं जगास दाखविलें. साऱ्या जगांतील क्षयाच्या उपचाराची दिशा ह्या एका हिंदी परीक्षेनें बदलली. परीक्षा म्हणजे गोऱ्यांनीं काळ्यांवर केलेले प्रयोग, एवढीच कल्पना ज्यांच्या डोक्यांत बसली आहे त्यांनीं मद्रासचें हें काम अवश्य वाचावें.

त्या कल्पनेस आधार मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. १८९७ सालच्या जानेवारीच्या १० तारखेस मुंबईंत हाफकिन यांनीं आपली प्लेगाची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, हें त्यांस भूषणावह आहे. पण त्यानंतर ती टोंचली गेली ती भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांस. ते स्वखुषीनें पुढें आले असें सांगतात. तुरुंगाच्या भिंतीआड खुषी किती स्वतः असते हें आम्ही सांगावयास नको. हिलसाहेबांच्या परीक्षेंतही, ज्यांस औषध मिळालें नाहीं त्या रोग्यांस आपण एका परीक्षेचा भाग आहों हें कळविलेलेंच नव्हतें. १८७२ च्या करारकायद्याच्या १३ व्या कलमांत संमतीची व्याख्या आहे: दोघांनीं एकच गोष्ट एकाच अर्थानें मान्य करणें. सही म्हणजे संमति नव्हे. इंग्रजींत छापलेल्या वीस पानांच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या मोलकरणीनें कोणती गोष्ट कोणत्या अर्थानें मान्य केली?

हा प्रश्न आमच्या देशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘स्वास्थ्य अधिकार मंच’ ह्या संस्थेच्या अर्जावर सरकारनें २०१३ सालीं जें प्रतिज्ञापत्र केलें, त्यांत २००५ ते २०१२ ह्या मुदतींत ४७५ नव्या औषधांच्या परीक्षांत २,६४४ माणसें मेल्याचें व त्यांपैकीं ८० मृत्यु औषधपरीक्षेमुळें झाल्याचें नमूद होतें. ह्या आंकड्यांचा उपयोग दोन्ही पक्षांनीं वाटेल तसा केला. परीक्षेंत पुष्कळदां मरणोन्मुख रोगीच असतात, तेव्हां २,६४४ चा आंकडा फडकावून खून झाल्याची आरोळी ठोकणें गैर. पण ८० माणसांच्या वारसांस भरपाई काय मिळाली, हें न विचारणें त्याहून गैर. ह्या धक्क्यानेंच पुढें २०१९ चे नवे नियम झाले. नीतिसमितींत निदान सात सभासद, त्यांत एक कायदा जाणणारा, एक स्त्री व एक सामान्य मनुष्य असलाच पाहिजे, निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे पाहिजेत, परीक्षेमुळें इजा झाल्यास औषधवाल्यानें भरपाई व उपचाराचा खर्च दिला पाहिजे, हें आतां कायद्यानें बांधलें आहे. प्रथम जनावरांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग कांहीं शेंकडा रोग्यांवर, मग मोठ्या संख्येवर अशा पायऱ्या आहेत. शिवाय बाजारांत आल्यानंतरही औषधावर नजर ठेवावी लागते, कारण हजारांत एकास होणारी बाधा शंभरांच्या परीक्षेंत दिसत नाहीं. थॅलिडोमाइड हें झोंपेचें औषध १९५७ सालीं जर्मनींत निर्धोक म्हणून निघालें, आणि १९६१ च्या अखेरीस मागें घेईपर्यंत दहा हजारांहून अधिक मुलें हातपाय खुंटलेलीं जन्मास आलीं होतीं. अमेरिका त्यांतून बहुतांशीं वांचली, ती फ्रान्सिस केल्सी नांवाच्या एका बाईनें पुरेसा पुरावा येईपर्यंत परवानगीची सही करण्याचें नाकारलें म्हणून.

आतां इतक्या कष्टानें पारखलेल्या औषधाचें आपण काय करतों? क्षयाचेंच घ्या. मुंबईच्या धारावींतील शंभर खासगी डॉक्टरांस क्षयाचा उपचार लिहून देण्यास सांगितलें, तेव्हां ऐंशी निरनिराळे उपचार निघाले. हें १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. वीस वर्षांनीं, २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या तशाच चौकशींत १०६ डॉक्टरांनीं ६३ प्रकारचे उपचार लिहिले, व त्यांत बरोबर होते अवघे सहा! मद्रासनें जो धडा जगास घालून दिला, तो धारावीपर्यंत पोंचला नाहीं. पुढें त्याच मुंबईंत २०११-१२ सालीं उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी आढळले, ह्यांत आश्चर्य तें काय?

पण सारें खापर डॉक्टरांच्या माथीं फोडून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. सुई टोंचली नाहीं तर डॉक्टर खरा नव्हे, ही समजूत कोणाची? पडशावर ॲन्टिबायोटिकें मागून घेणारे कोण? पडसें ज्या विषाणूंनीं होतें, त्यांवर हीं औषधें मुळींच चालत नाहींत. तीं आंतड्यांतल्या निरुपद्रवी जंतूंस मारतात आणि निगरगट्ट तेवढे मागें ठेवतात. शेजारणीस गुण आला म्हणून तिची उरलेली पट्टी आपल्या मुलीस देणें, तीन गोळ्यांनीं ताप उतरला कीं डॉक्टरांस न विचारतां बाकीच्या फडताळांत टाकणें, हा आमच्या घरोघरचा शिरस्ता आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं पेनिसिलिनाच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक घेतेवेळींच हा धोका बोलून दाखविला होता: हें औषध दुकानांत कोणासही मिळूं लागलें म्हणजे अजाण मनुष्य अपुरी मात्रा घेऊन आपल्या जंतूंस निर्ढावील. गोरें दिसावें म्हणून मुली तोंडास स्टेरॉइडचें मलम फांसतात. कातडी पातळ होऊन लाल पडते, चेहऱ्यावर केंस येतात, आणि मलम सोडलें कीं आग होते म्हणून तें पुन्हां लावतात. अशीं मलमें चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असें सरकारनें २०१८ सालीं ठरविलें. पण वधूपरीक्षेच्या बाजारांत गोऱ्या कातडीचा भाव जोंवर चढा आहे, तोंवर ह्या हुकमाची अंमलबजावणी करणारा इन्स्पेक्टर कोठून आणावयाचा?

गैरवापराचे परिणाम कोठें जाऊन पोंचतात ह्याचें एक विलक्षण उदाहरण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. डायक्लोफेनॅक हें सांधेदुखीचें औषध गुरांस सर्रास टोंचूं लागले. गुरें मेलीं, तीं गिधाडांनीं खाल्लीं, आणि गिधाडांचीं मूत्रपिंडें बंद पडून तीं लाखांनीं मेलीं; आमच्या देशांतल्या मुख्य जाती नव्वद टक्क्यांहून अधिक नाहींशा झाल्या. मुंबईच्या पारशी समाजास आपल्या दख्म्यांवर गिधाडें उरलीं नाहींत म्हणून चिंता पडली. जनावरांकरितां हें औषध २००६ सालीं बंद झालें, तरी माणसांकरितां असलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या. म्हणून २०१५ सालीं कुपीच तीन मिलिलिटरची करावी लागली.

आमच्या औषधविक्रेत्या वाचकांस दोन शब्द. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादींतील औषधें, ज्यांत क्षयाचीं औषधें व वरच्या दर्जाचीं ॲन्टिबायोटिकें आहेत, चिठ्ठीशिवाय विकणें हा गुन्हा तर आहेच. शिवाय डॉक्टराचें नांव-पत्ता, रोग्याचें नांव, औषध व त्याचें प्रमाण हें वेगळ्या वहींत लिहून ती तीन वर्षें ठेवावी लागते. आपल्या गांवच्या किती दुकानांत ही वही आहे, व असल्यास तींत शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, हें ज्याचें त्यानें पाहावें. ‘मीं दिलें नाहीं तर पलीकडचा देईल’ हें उत्तर आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकलें आहे. पलीकडचाही तेंच म्हणतो.

आणि गिऱ्हाइकास कायद्यानें एक हत्यार दिलें आहे, जें बहुतेकांस ठाऊक नाहीं. १९४० च्या औषध कायद्याच्या २६ व्या कलमान्वयें कोणाही खरेदीदारास, किंवा मान्यताप्राप्त ग्राहकसंस्थेस, ठराविक फी भरून आपण विकत घेतलेलें औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेतां येतें, व त्याच्या सहीचा अहवाल मिळण्याचा हक्क आहे. पुढें फिर्याद करण्याचा अधिकारही केवळ इन्स्पेक्टराचा नाहीं. ज्याचें नुकसान झालें तो मनुष्यही ती करूं शकतो. मात्र त्याकरितां बिल मागून घेतलेलें असलें पाहिजे व त्यावर बॅचचा नंबर लिहिलेला असला पाहिजे. औषधानें कांहीं विपरीत झाल्याचा संशय आल्यास बाटली फेंकूं नये, उरलेलें ओतूं नये, दुकानदारास परत करूं नये. झांकण घट्ट लावून, बिलासह बाजूस ठेवावी, काय झालें व केव्हां झालें तें कागदावर लिहून ठेवावें, आणि जिल्ह्याच्या औषध-निरीक्षकाकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घ्यावी.